‘लॉर्ड ऑफ द क्लॅन्स’ आणि आमचं वाचनालय : वाचकमतांच्या प्रकल्प नोंदी

15 ऑक्टोबर 2024

वाचन प्रेरणा दिनाचं निमित्त साधून प्रकल्प आजपासून सुरू केला. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं, वाचनालय ‘ड’ वर्गाचं, मी तिथली ग्रंथपाल. एक खोली, दोन कपाटं आणि बाहेर ओटा. व्हिडिओ गेमवर बेतलेली एक कल्पनारम्य कादंबरी गावात सगळ्यांनी मिळून ऐकायची, ज्यांना जमेल त्यांनी वाचायची, आणि प्रत्येकाचं मत कारणासकट नोंदवहीत उतरवायचं, असं ठरलं आहे.

पुस्तक आहे क्रिस्टी गोल्डन यांचं ‘लॉर्ड ऑफ द क्लॅन्स’. 2001 साली निघालेली इंग्रजी कादंबरी, ‘वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या जगातली. गावातला एक मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दसऱ्याला आला तेव्हा वाचनालयाला पिशवीभर पुस्तकं देऊन गेला, त्यातलं हे. बाकीची बाजूला ठेवून हेच घेतलं ते त्याच्या जन्मकथेमुळे. ब्लिझार्ड कंपनी ‘वॉरक्राफ्ट ॲडव्हेंचर्स’ नावाचा एक खेळ बनवत होती, गोष्ट हीच आणि उपनावही हेच. काम बरंच पुढे गेलं असताना 1998 मध्ये कंपनीने तो रद्द केला. खेळ राहून गेला, गोष्ट पुस्तकातून बाहेर आली. म्हणजे हे पुस्तक ज्या खेळाचं, तो खेळ कधी दुकानात आलाच नाही.

आमच्या गावाला हे पुस्तक शोभतं असं मला वाटतं. ओट्यावर बसणारी पोरं मोबाइलवर फ्री फायर मॅक्स आणि बीजीएमआय खेळतात. ‘वॉरक्राफ्ट’ कॉम्प्युटरवरचा खेळ, 1994 पासूनचा. तो इथे कोणी पाहिलेला नाही. मोठ्या माणसांचं मत ठरलेलं आहे की गेम म्हणजे पोरांचं वाटोळं. या सगळ्यांनी एकाच गोष्टीबद्दल बोलावं, आणि खेळ माहीत नसलेल्या वाचकासमोर हे पुस्तक किती टिकतं ते कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

20 ऑक्टोबर

पद्धत ठरली. दर रविवारी संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आटोपली की तिथूनच लोक वाचनालयाच्या ओट्यावर येतील. मी आधी एखादा उतारा इंग्रजीत वाचणार, मग तेवढा भाग मराठीत सांगणार. बारावी आणि बी.ए.ची मुलं मधल्या दिवसांत पुस्तक आळीपाळीने घरी नेणार.

नोंदवहीत नाव लिहायचं नाही. वय, काम, पुस्तक वाचलं की ऐकलं, असे गेम खेळतो की नाही, आणि मत. ‘मस्त हाय’ किंवा ‘बोर झालं’ एवढ्यावर नोंद घेणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगितलं. कोणत्या प्रसंगामुळे मस्त, कोणत्या जागी कंटाळा आला, तेवढं सांगावंच लागेल. एका मावशींनी विचारलं, “अन् चुकीचं सांगतलं तं?” पुस्तकाबद्दल स्वतःला जे वाटलं त्यात चूक काय असणार? तसं मी त्यांना सांगितलं, आणि यापुढे जो येईल त्यालाही सांगणार आहे. आपल्याकडे पुस्तकावर बोलायचा हक्क शिकलेल्यांचा, असं लोकांनी मनाशी धरलेलं असतं. त्याने मला फार वाईट वाटतं.

भिंतीवर नावांचा तक्ता लावला : थ्रॉल, ब्लॅकमूर, टॅमिस, क्लॅनिया, टॅरेथा. एवढ्यावर सुरुवात.

27 ऑक्टोबर

पहिली खरी बैठक. सोयाबीन निघालं, कापसाची सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झाली, तरी ओटा भरला. वेचणीवरून आलेल्या बाया हात-पाय धुऊन थेट आल्या होत्या.

गोष्ट अशी सुरू होते. ऑर्क म्हणजे हिरव्या कातडीचे, सुळेवाले, धिप्पाड लोक. माणसांशी झालेल्या युद्धात हरलेले. त्यांच्यातला ड्युरोटान आणि त्याची बायको ड्राका आपल्याच लोकांच्या दग्याने मारले जातात. त्यांचं तान्हं बाळ रानात पडलेलं असतं, ते डर्नहोल्ड किल्ल्याच्या सरदाराला, ब्लॅकमूरला सापडतं. हे मूल वाढवायचं, शिकवायचं, पुढे त्याच्याकडून ऑर्कांची फौज बांधून घ्यायची आणि तिच्या जोरावर आपण राज्य मिळवायचं, असा त्याचा बेत. बाळाला दूध कोण पाजणार? नोकर टॅमिस पुढे होतो. माझी बायको बाळंतीण आहे, म्हणतो.

इथेच बाया थांबल्या. मी पुढचं पान उलटलं, तर एकीने हातानेच थांबवलं. “त्यानं बायकोले इचारलं का?”

पुस्तकात विचारलेलं नाही. क्लॅनिया किळसते, घाबरते, आणि पाजते. तिचं स्वतःचं बाळ आजारी असतं, ते पुढे दगावतं. ऑर्कचं बाळ जगतं. लेखिकेने हे फार थोडक्या पानांत आटोपलं आहे, कारण तिला थ्रॉल मोठा करायचा आहे. आमच्या ओट्यावर मात्र यावर तासभर बोलणं झालं. बचत गटाच्या अध्यक्ष काकूंनी नोंदवलेलं मत असं : “मालकाच्या घरी कामाले असलं म्हंजे अंगावरचं दूधबी मालकाचंच. हे लिवणारीनं बराबर पाह्यलं. पण स्वताचं लेकरू गेल्यावर त्या दुसऱ्या लेकराकडे ती कशी पाहत होती, ते काऊन नाई सांगतलं?”

वय 50, काम शेती, ऐकलं, गेम खेळत नाही. नोंदवहीतलं हे पहिलंच पूर्ण मत, आणि पुस्तकातली सगळ्यात मोठी रिकामी जागा त्यांनी पहिल्या बैठकीत दाखवली.

एका म्हाताऱ्या आजीचं मत याच्या उलट. त्या म्हणाल्या, सांगितलं नाही तेच बरं, तसलं सांगता येत नाही. दोन्ही मतं शेजारी शेजारी लिहिली.

3 नोव्हेंबर

दिवाळी. बैठक नाही. बारावीची मुलगी पुस्तक घेऊन मामाच्या गावी गेली आहे.

10 नोव्हेंबर

थ्रॉलचं शिक्षण आणि आखाडा. ब्लॅकमूर त्याला लिहायला-वाचायला शिकवतो, हत्यार चालवायला शिकवतो आणि रिंगणात लढवून त्याच्यावर पैसे लावतो. थ्रॉल एकामागून एक लढती जिंकतो. शेवटी थकून ओग्र जातीच्या राक्षसाकडून हरतो, तेव्हा ब्लॅकमूर त्याला शिपायांकडून तुडवून घेतो.

हा भाग आमच्या लोकांना समजावून सांगावा लागला नाही. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, प्रत्येकाने पाहिलेला. 2014 पासून बंद असलेल्या शर्यतींना कायद्याने मोकळीक मिळाली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांत पुन्हा जोड्या तयार होत आहेत. जोडी पाळणाऱ्या एका काकांनी तावातावाने सांगितलं, “हारला म्हून बैलाले मारणारा माणूस पटात टिकत नाई. बैल त्याचा रायतच नाई मंग. हा ब्लॅकमूर एवढा हुशार अन् त्याले हे समजू नये? मले नाई पटलं.” त्यांच्याच पुतण्याने लगेच तोड काढली : “काका, जितेपर्यंत बदाम अन् हारला का तुतारी, असे बी लोक हायेत ना.” (तुतारी म्हणजे बैलाला टोचायची काठी.)

दोन्ही मतं ब्लॅकमूरबद्दलच आहेत आणि मला काकांचं जास्त पटतं. वीस वर्षं लागतील असा बेत आखणारा माणूस, ज्या एका हत्यारावर सगळं उभं आहे तेच दारूच्या नशेत मोडायला निघतो. त्याचा बाप राजद्रोही ठरला होता आणि तो कलंक पुसायची त्याला खाज आहे, एवढं लेखिका सांगते. ते कारण चांगलं आहे. पण ते एकदा सांगून ती पुढे जाते, मग ब्लॅकमूर पानापानावर फक्त पितो आणि ओरडतो. बी.ए.च्या एका मुलाने नोंदवलं की गेममध्ये शेवटच्या टप्प्यावर जो ‘बॉस’ येतो त्याला कारण लागत नाही, त्याला फक्त हरवायचं असतं. इथे तसंच झालंय. खेळातून आलेल्या पुस्तकाबद्दल याहून नेमकं बोलता आलं नसतं. हा मुलगा रोज गेम खेळतो, म्हणून त्याला ते दिसलं.

20 नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. शाळेत बूथ, गाव तिथे. पुस्तकाची विचारपूस मात्र रांगेतही झाली : “मॅडम, तो सुटला का मंग?”

24 नोव्हेंबर

सुटला. आणि त्याला सोडवलं टॅरेथाने.

टॅरेथा ही टॅमिस आणि क्लॅनियाची मुलगी. थ्रॉल लहान असताना आवारात तिने त्याच्याकडे पाहून हात हलवला, तेवढीच ओळख. पुढे थ्रॉलला वाचायला पुस्तकं मिळायला लागली, तेव्हा ती पुस्तकांत चिठ्ठ्या घालून पाठवायला लागते. तोही उत्तरं लिहितो. कैद्याला मिळालेलं पहिलं मैत्र कागदावरचं. थ्रॉलला पळवायच्या रात्री तीच आग लावून पहारेकऱ्यांचं लक्ष दुसरीकडे ओढते, बाळपणी त्याच्या अंगावर असलेलं लांडग्याच्या चिन्हाचं फडकं त्याला देते, गळ्यातली साखळी देते. त्या फडक्यावरूनच पुढे ग्रॉम हेलस्क्रीम हा ऑर्क सरदार त्याचं कूळ ओळखतो.

बारावीची मुलगी दिवाळीत हा भाग दोनदा वाचून आली होती. आज मी बाजूला बसले, गोष्ट तिने सांगितली. चिठ्ठ्यांचा प्रसंग सांगताना तिने आमच्या देवघेवीच्या रजिस्टरवर हात ठेवला आणि म्हणाली, “म्हंजे पुस्तक आणून देणारं माणूस पाह्यजे. नुसतं वाचता येऊन काय होते?”

मोठ्या बाया मात्र टॅरेथाच्या दुसऱ्या बाजूवर अडून बसल्या. वयात आल्यावर ती ब्लॅकमूरची ठेवलेली बाई होते. आई-बाप तिला अडवत नाहीत, बापाला तर ते भाग्य वाटतं. ओट्यावर क्षणभर कोणी बोललं नाही. मग जे बोलणं निघालं ते सगळं मी लिहून घेतलं नाही. काही बोलण्यांत गावातली जुनी घरं ओळखू आली असती. नोंदवहीत एवढंच आहे : पन्नाशीच्या वरच्या प्रत्येक बाईने टॅमिसला ब्लॅकमूरपेक्षा वाईट ठरवलं. मुलांपैकी एकालाही टॅमिस हे नाव बैठक संपेपर्यंत आठवत नव्हतं.

साठीच्या पुढचे एक आजोबा आहेत, उभं आयुष्य सालगडी म्हणून काढलेलं. गुढीपाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला सुटायचं किंवा पुन्हा बांधायचं. ते एवढंच म्हणाले, “टॅमिसले वाईट म्हनाले सोपं हाय.” कारण विचारलं, तर पुढच्या रविवारी सांगतो म्हणाले.

1 डिसेंबर

आजोबा आले. पण टॅमिसबद्दल बोलण्याआधी आजचा भाग मध्ये आला आणि त्यांचं सगळं म्हणणं त्यावरच निघालं.

सुटलेला थ्रॉल आपले लोक शोधत कैदछावणीपाशी पोचतो. त्याने ऑर्कांबद्दल पुस्तकांत वाचलेलं असतं की ते रक्तपिपासू, भयंकर. छावणीत त्याला दिसतात ते भिंतीला टेकून बसलेले, डोळ्यांतलं पाणी मेलेले लोक. दार उघडं ठेवलं तरी बाहेर जाणार नाहीत असे. पुस्तक कारण देतं : जादूटोणा करणाऱ्यांच्या सैतानी शक्तीवर हे लोक पोसलेले होते, ती शक्ती तुटली आणि अंगातलं बळच गेलं.

आजोबांना हे कारण मान्य नाही. “ताकत गेली म्हून नाई बसले ते. सकायी उठून करा काय, हे कोनी सांगनारं रायलं नाई म्हून बसले. तीस वर्सं दुसऱ्याच्या सांगन्यानं उठा, मंग एक दिवस सांगनारा नाई. म्या तसा बसलेलो हाय.” मग म्हणाले, टॅमिसचंही तेच, त्याला स्वतःचं असं काही ठरवायची सवयच राहिलेली नाही, त्याला शिव्या द्या, पण त्याला तसा कोणी केला तेही लिहा.

यावर बचत गटातल्या एका ताईंनी पुस्तकाची बाजू घेतली. त्यांच्या माहेरी एकाची दारू सुटली, तेव्हा पहिले कित्येक दिवस तो असाच भिंतीकडे तोंड करून बसायचा. बोलणं नाही, खाणं नाही. “सुटल्यावर माणूस आधी असाच दिसते. पुस्तकवालीनं खरं लिवलं.” मध्येच एक पोरगा म्हणाला की दोन्ही खरं असू शकते ना, तर आजोबांनी मान हलवली, ताईंनी नाही.

या कादंबरीतला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ऑर्क, सैतान, जादू असं सगळं असूनही आमच्या ओट्यावर कोणाला तो परका वाटला नाही. लेखिकेने इथे लढाई थांबवली आणि बसलेल्या माणसांकडे पाहिलं, म्हणून.

15 डिसेंबर

ओटा अर्धा रिकामा. कारणं दोन. हरभऱ्याच्या ओलिताला या आठवड्यात रात्रीची लाईन आहे, माणसं वावरात. ज्यांना ओलीत नाही ते रानडुकरांपायी जागलीला. दुसरं कारण पुस्तक.

थ्रॉल बर्फाळ डोंगरात आपल्या कुळात, फ्रॉस्टवुल्फ लोकांत पोचतो. आंधळा शमन, म्हणजे निसर्गशक्तींना विनवणारा, ड्रेकथार त्याला शिकवतो. या भागात एकदम इतकी नावं, कुळं, जुन्या युद्धांचे उल्लेख येतात की तक्त्यावर जागा पुरली नाही. ज्यांनी खेळ खेळलाय त्यांना डूमहॅमर हे नाव ऐकताच काहीतरी आठवत असेल; आमच्या वाचकासाठी ते नुसतं नाव. आधीच्या भागात लेखिका प्रत्येक माणूस स्वतः उभा करत होती. इथे तिने ते काम खेळाकडे सोपवलं आणि आमचे लोक वाटेतच राहिले. तीन मतं सारख्याच आशयाची आली, एक तर थेट : “कोन कोनाचा कोन, समजूनच नाई राह्यलं.”

एका गोष्टीवर मात्र सगळे खूश. शमन झालेला थ्रॉल पृथ्वी, वारा, अग्नी, पाणी यांच्यावर हुकूम चालवत नाही, त्यांना विनवतो; ती आपखुशीने मदत करतात. मंडळाच्या एका भाऊंनी हा उतारा पुन्हा वाचायला लावला. बोअर कोरडी पडलेल्या गावात पाणी मागून घ्यायची कल्पना ऐकायला लोकांना बरं वाटलं.

20 डिसेंबर

गाडगेबाबांची पुण्यतिथी. सकाळी गावसफाई, वाचनालयाचा ओटाही खराट्याने झाडून झाला. ओटा झाडताना जोडीवाले काका आणि बी.ए.चा मुलगा यांचा ब्लॅकमूरवरून पुन्हा वाद. नोंद घेतली.

29 डिसेंबर

पुण्याचा मुलगा सुट्टीला आला आहे. त्याने शाळेत असल्यापासून हा खेळ खेळलेला. त्याला मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी बोलायला सांगितलं.

त्याचं वाचन पूर्ण वेगळं. थ्रॉल जगणार हे त्याला पहिल्या पानापासून माहीत, कारण 2002 च्या ‘वॉरक्राफ्ट 3’ मध्ये थ्रॉल ऑर्कांचा सरदार म्हणून लोकांना घेऊन समुद्रापार जातो. त्याच्यासाठी पुस्तकाची मजा ‘हा असा कसा झाला’ यात. म्हातारा सरदार ऑर्ग्रिम डूमहॅमर वेष पालटून येतो, थ्रॉलला डिवचून त्याची परीक्षा घेतो, आणि पुढे एका छावणीवरच्या लढाईत मरताना आपला हातोडा त्याच्या हाती देतो. हा प्रसंग आमच्या ओट्यावर दहा मिनिटांत उरकला होता. त्याच्या मते तो कादंबरीचा कळस. पुढे ऑर्कांच्या राजधानीला ऑर्ग्रिमार हे नाव या ऑर्ग्रिमवरून पडतं आणि त्यांच्या देशाला ड्युरोटार हे थ्रॉलच्या बापावरून. हे माहीत असलेला माणूस हातोडा घेतानाच्या पानावर थांबणारच.

छावणीतल्या सुस्तीबद्दल त्याने आणखी सांगितलं : 2002 च्या खेळात तिचं मूळ मॅनोरोथ नावाच्या सैतानाचं रक्त प्यायल्याशी जोडलं आहे. सालगडी आजोबा सगळं ऐकून म्हणाले, “ते तुह्या गेमात असंन. माह्या पुस्तकात नाई.” मुलगा यावर थोडा गप्प झाला आणि मग त्याने वहीत स्वतःहून लिहिलं की पुस्तकाबद्दल बोलताना आपण बरंचसं खेळाबद्दलच बोलतो, हे आज लक्षात आलं.

त्याच्याकडून कळलेली सर्वांत मोठी गोष्ट ही. 2007 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची ‘द बर्निंग क्रुसेड’ ही भर आली, तिच्यात डर्नहोल्डमधून थ्रॉलच्या सुटकेचा प्रसंग खेळायला दिला आहे. काळात मागे जायचं, तरुण थ्रॉलला कोठडीतून बाहेर काढायचं, म्हणजे इतिहास बिघडणार नाही. रद्द झालेल्या खेळाची गोष्ट पुस्तकात आली आणि पुस्तकातून पुन्हा खेळात शिरली. बारावीच्या मुलीने विचारलं, “त्यात टॅरेथा हाय का?” आहे. “मंग तिले वाचवता येते का? कायमचं?” मुलाने सांगितलं, नाही, जे घडलं ते तसंच घडू द्यायचं, यासाठीच तर तो टप्पा आहे.

टॅरेथाचं काय घडतं ते तिने पुस्तकात वाचलं होतं. बाकी ओट्याला अजून माहीत नव्हतं. दोघांनीही पुढे काही सांगितलं नाही, याबद्दल त्यांचे आभार.

5 जानेवारी 2025

थ्रॉल फौज घेऊन डर्नहोल्डपुढे उभा राहतो आणि आधी बोलणी मागतो. ब्लॅकमूरला टॅरेथाच्या भेटीगाठी कळलेल्या असतात. तटावरून उत्तर म्हणून तो तिचं तोडलेलं डोकं खाली टाकतो.

हे मी सांगितलं आणि पुढे वाचू शकले नाही, कारण बाया उठल्या. रागाने उठल्या. एक जण चप्पल घालता घालता म्हणाल्या, “इतकं आयकाले बसलो होतो का आमी?” पुष्कळ समजावल्यावर बसल्या, मग सलग मतंच आली. गेल्या दोन महिन्यांतली बहुतेक पानं आजच भरली.

काकूंचं मत जसंच्या तसं : “मेली टॅमिसची लेक, क्लॅनियाची लेक. अन् पुस्तक सांगते दुःख कोनाचं, तं थ्रॉलचं. आधी एक लेकरू गेलं तिचं, आता हे बी गेलं. तिच्यासाठी एक पान नसावं?”

बारावीच्या मुलीने लिहून आणलं होतं. टॅरेथाने चिठ्ठ्या पाठवल्या, आग लावली, वाट दाखवली, जिवावर उदार होऊन त्याला भेटत राहिली. पुस्तकातलं निम्मं काम तिचं. आणि तिचा शेवट कशासाठी, तर थ्रॉलला राग यावा आणि लढाई सुरू व्हावी. तो तर आधीच फौज घेऊन आला होता, असा तिचा सवाल.

बी.ए.च्या मुलाने विरोध केला आणि तोही नेटाने. त्याच्या मते पुस्तकाने इथे लाड केले नाहीत. बलाढ्य माणसाविरुद्ध कोणी मदत केली की पहिला जीव त्या मदत करणाऱ्याचा जातो, ही गोष्ट खरी आहे, आणि ती टॅरेथालाही ठाऊक होती. ती वाचली असती तर तिच्या धाडसाची किंमतच कळली नसती.

सालगडी आजोबा त्यापुढच्या भागाबद्दल बोलले. थ्रॉल ब्लॅकमूरला मारतो, किल्ला धरणीच्या पोटात घालतो, पण आतल्या लोकांना आधी जाऊ देतो. “जितल्यावर जाऊ देलं. हे त्याले ब्लॅकमूरनं नाई शिकवलं, त्या पोरीनं शिकवलं.” मुलाचं आणि मुलीचं भांडण चालू होतं, दोघंही थांबले. मुलीने ते वाक्य आपल्या कागदाखाली लिहून घेतलं, पण स्वतःचं मत खोडलं नाही. मला तिचं ते वागणं फार आवडलं.

माझं मत वहीत वेगळ्या पानावर आहे, ग्रंथपाल म्हणून नाही, वाचक म्हणून. चिठ्ठ्यांचा भाग या पुस्तकात सर्वांत जिवंत आहे, म्हणून टॅरेथाचं मरण इतकं लागतं. हे लेखिकेचं यश. पण त्यानंतर ती आईबापाकडे वळून पाहत नाही आणि थेट लढाईकडे जाते, हे मला खटकलं. खेळाला लढाई हवी असते. कादंबरीला त्या दोघांच्या खोलीत जाऊन यायला हरकत नव्हती. ज्या वाचकांनी हे मागितलं त्यांनी खेळ पाहिलेला नाही, इंग्रजी पुस्तक हाती धरलेलं नाही. तरी कथेत काय उणं आहे ते त्यांनी बोट ठेवून सांगितलं. हे मत कुठल्याही जाणकाराच्या मतापेक्षा हलकं नाही, आणि ते मी तसंच छापील प्रतीत ठेवणार आहे.

12 जानेवारी

शेवटची बैठक, तिळगुळाआधीची. वही टाइप करायला घेतली आहे. वऱ्हाडी बोली शुद्ध करायची नाही, असं टाइप करणाऱ्या मुलाला बजावलं.

पुढे कोणतं पुस्तक यावर पोरांचा गोंधळ. एकाने ‘विचर’ सुचवलं, तेही गेमचंच म्हणून. ते उलट आहे हे सांगितलं : पोलंडच्या आंद्रेय सापकोव्हस्कींची पहिली कथा 1986 ची, खेळ आला 2007 मध्ये. आधी पुस्तक, मग खेळ. मग तर तेच घेऊ, दोन्हींत फरक काय पडतो ते पाहू, असं बहुमत झालं. काकूंची अट एकच आहे, त्यात बाळंतिणीचं काही असेल तर आधी सांगायचं.

‘लॉर्ड ऑफ द क्लॅन्स’ची दाखल नोंद कादंबरी विभागात केली. पुण्याच्या मुलाने खेळ-करमणूक असा नवा विभाग काढा म्हटलं होतं. ओट्यावर विचारलं, तर सगळ्यांनी कादंबरीतच ठेवायला सांगितलं. उद्यापासून देवघेवीला खुलं. पहिली मागणी जोडीवाल्या काकांच्या पुतण्याची, त्याला आखाड्याचा भाग स्वतः वाचायचा आहे. इंग्रजी अडलं तर बारावीची मुलगी सांगेल, असं दोघांनी आपसात ठरवलं आहे.